सोलर पॅनेल खालून कोण बघतं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल संपत आला. महिन्या-दीड महिन्यात पाऊस सुरू होईल आणि पुण्यातल्या हजारो गच्च्यांवरची सोलर पॅनेल पुन्हा भिजतील. गेल्या पावसाळ्यात आमच्या गच्चीवर जे पाहिलं ते पावसाआधी लोकांपर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हे पत्र. पत्र लांबलं आहे, पण विषय असा आहे की तो अर्धा सांगून चालत नाही.

आधी मी कोण ते सांगते. माझं वय ६६. भोसरी एमआयडीसीत मोठ्या मोटरी रिवाइंड करणाऱ्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं काम केलं. काम कॉइलवर टेप चढवायचं. तांब्याच्या पट्टीवर मायका टेप, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवत न्यायचा, वर ग्लास टेप, मग वॉर्निश, मग भट्टी. एका ठिकाणी जरी टेप निम्म्याऐवजी पावच चढली तरी हाय व्होल्टेज टेस्टला ती कॉइल तिथेच फुटायची. प्रत्येक कॉइलला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं असायचं. त्यावर टेप करणारीचं नाव, तारीख, टेस्टचा आकडा. कॉइल फेल गेली की कार्ड बघून हाक यायची. त्या कार्डाची भीती वाटायची आणि त्याच कार्डामुळे आमचे हात नीट चालायचे. त्या कार्डाबद्दल मी पुढे पुन्हा बोलणार आहे.

आम्ही वारज्याला राहतो, २४ फ्लॅटची जुनी इमारत आहे. २०२५च्या फेब्रुवारीत सोसायटीने गच्चीवर १५ किलोवॅटचा सोलर बसवला. ५४० वॅटची २८ पॅनेल, चौदा-चौदाच्या दोन स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळा, आणि पॅनेलची डीसी वीज घरच्यासारखी एसी करणारा एक इन्व्हर्टर. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालावेत असा हिशेब. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, त्याचा आधार झाला. योजना चांगली आहे, हे मी मनापासून लिहिते. फेब्रुवारी २०२४मध्ये ती जाहीर झाली, देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवायचं तिचं उद्दिष्ट आहे, आणि घरगुती ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात म्हटल्यावर साधी पगारदार माणसंही विचार करू लागली आहेत. आमचं लाइटबिल पहिल्या महिन्यातच इतकं उतरलं की कमिटीने घरोघरी पेढे दिले. ज्या दिवशी काम पूर्ण झालं त्या दिवशी पॅनेलसमोर उभं करून आमचे फोटो काढले. वरून, निळ्या काचा चमकताना. खाली वाकून कोणी एकही फोटो काढला नाही. तेव्हा मलाही ते सुचलं नाही, याचं वाईट वाटतं.

गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या मोबाईल ॲपवर दिसायला लागलं की सकाळी इन्व्हर्टर चालूच होत नाही. लाल दिवा आणि आयसोलेशन फॉल्ट असा मजकूर. साडेदहा-अकराला जरा ऊन पडलं, गच्ची वाळली, की आपोआप चालू. दुसऱ्या दिवशी पाऊस, पुन्हा तेच. ज्यांनी काम केलं त्यांना फोन केला. उत्तर आलं, ‘पावसात असं होतंच, काळजी करू नका.’ तीन-चार फोननंतर एक मुलगा आला, दहा मिनिटं इन्व्हर्टरपाशी उभा राहिला आणि गेला. त्यानंतर लाल दिवा लागेना. सगळे खूश झाले.

मला चैन पडेना. दोष वाळल्यावर जातो आणि भिजल्यावर येतो, म्हणजे कुठे तरी इन्सुलेशनला छिद्र आहे, हे टेप करणाऱ्या बाईला कोणी समजावून सांगावं लागत नाही. आणि न दुरुस्त करता ते बरं कसं झालं? आमच्याकडे लाइटची कामं बघणाऱ्या वायरमनने इन्व्हर्टरची सेटिंग उघडून दाखवली. इन्व्हर्टर रोज सकाळी काम सुरू करण्याआधी स्वतःच एक तपासणी करतो: पॅनेलच्या तारा आणि अर्थिंग यांच्यामध्ये पुरेसा अडथळा आहे का? कमी असेल तर तो चालू होत नाही. आमच्या इन्व्हर्टरमध्ये ती मर्यादा २०० किलोओम होती. त्या मुलाने ती ५० केली होती. गळती तिथेच होती, फक्त ती सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं होतं.

संपादकसाहेब, हे पाहून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. कारण रोज सकाळी आठ वाजता वॉचमनची बायको त्या गच्चीवर अनवाणी उभी राहून पाइपने पॅनेल धुते.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण घरातल्या लाइटचा अनुभव गच्चीवर कामी येत नाही. घरात तार शॉर्ट झाली की प्रचंड करंट वाहतो आणि एमसीबी पडतो. पॅनेलकडून असा प्रचंड करंट येतच नाही. आमचं पॅनेल भर उन्हात १३ अँपिअर देतं, आणि दोन्ही तारा एकमेकींना चिकटवल्या तरी १४च्या आतच देतं. फ्यूजला यातला फरक कळणार कसा? दुसरं, घरातली वीज एसी, ती सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते. ठिणगी पडली तरी शून्यावर आली की विझायची संधी असते. पॅनेलची वीज डीसी, ती शून्यावर येत नाही. एकदा सैल जोडात ठिणगी धरली की ती वेल्डिंगसारखी जळत राहते, आणि सूर्य असेपर्यंत ती बंद करायला पॅनेलवर बटण नसतं. गच्चीवरच्या आयसोलेटरने, म्हणजे वीज तोडणाऱ्या स्विचने, इन्व्हर्टरकडे जाणारी वीज तुटते, पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची तार जिवंतच राहते. आमच्या एका स्ट्रिंगमध्ये १४ पॅनेल ओळीने जोडलेली आहेत, एकेकाचे उघडे, म्हणजे काही न जोडता मोजलेले, व्होल्ट ४९च्या आसपास, म्हणजे मिळून सुमारे ७००. थंडीतल्या सकाळी त्याहूनही जास्त, कारण पॅनेल गार असलं की व्होल्टेज चढतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आमच्यासारख्या यंत्रणेत पॅनेलच्या प्लस किंवा मायनस कुठल्याच तारेला अर्थ केलेलं नसतं. त्यामुळे एका ठिकाणी इन्सुलेशन फाटून तार लोखंडी स्ट्रक्चरला टेकली तर पुष्कळदा लगेच काही दिसत नाही. करंटला पॅनेलकडे परत जायला पुरी वाट नसते. पहिला दोष असा मुकाट बसून राहतो. दुसऱ्या कुठल्या तरी तारेचं इन्सुलेशन फाटलं की त्या दिवशी सर्किट पुरं होतं, स्ट्रक्चरमधून, आणि मग आग लागू शकते. म्हणून पहिला दोष वेळेवर सांगणारी मोठी गोष्ट म्हणजे इन्व्हर्टरची ती सकाळची तपासणी. तीच आमच्याकडे गप्प केली गेली.

मी माझ्या जुन्या कारखान्यात फोन केला. तिथल्या एका मुलाने, ज्याला मी टेप करायला शिकवलं होतं, एक हजार व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा अडथळा मोजणारा मीटर, दोन दिवसांसाठी दिला. साधा मेगर उन्हात पॅनेलच्या तारेला लावायचा नसतो, पॅनेलचे स्वतःचे व्होल्ट मध्ये येतात आणि मीटरही जातो, माणूसही. त्यासाठी वेगळा सोलरचा टेस्टर मिळतो, तो आमच्याकडे नव्हता. म्हणून आम्ही रात्री आठला, पूर्ण अंधार झाल्यावर, पावसाची सर येऊन गेल्यावर गच्चीवर गेलो. वायरमनने आधी मीटर लावून व्होल्ट शून्य असल्याची खात्री केली. अंधारात करंट नसतो, त्यामुळे कनेक्टर, म्हणजे दोन तारा जोडणारे प्लग, सोडवताना ठिणगीही पडत नाही. (दिवसा, चालू स्ट्रिंगचा कनेक्टर कोणीही ओढून काढू नये. हे वाचणाऱ्या प्रत्येक घरमालकाला माझी हात जोडून विनंती आहे. आणि हे काम परवानाधारक वायरमनचंच आहे.)

पहिली स्ट्रिंग ३८ मेगओम. छान. दुसरी ०.०७ मेगओम, म्हणजे ७० किलोओम. २००च्या खाली आणि ५०च्या वर. म्हणजे सेटिंग कुठवर खाली ओढायची हे त्या मुलाला बरोब्बर कळलं होतं, पण तार शोधायची नव्हती. मग आम्ही कॉइलमध्ये दोष शोधतात तसं केलं. स्ट्रिंग मधोमध तोडली, सात-सात. अलीकडची सात चांगली, पलीकडची खराब. त्यांचे पुन्हा दोन भाग. सव्वानऊला आम्ही अकराव्या पॅनेलखाली टॉर्च घेऊन आडवे झालो होतो.

पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीच्या आणि स्ट्रक्चरच्या रेलच्या मध्ये तार चेंगरलेली होती. क्लँप कसताना ती खाली अडकली असणार. बाहेरचं आवरण कापलं जाऊन आतलं पांढरट इन्सुलेशन दिसत होतं, आणि एका जागी तेही नखाएवढं गेलं होतं. कोरड्या दिवशी तिथे हवेचं अंतर राहत होतं, पाऊस आला की पाण्याचा पूल तयार होत होता.

तो दोष सापडल्यावर आम्ही थांबलो असतो. पण टॉर्च हातात होता, म्हणून पुढे सरकत गेलो, आणि जे दिसलं त्याने त्या चेंगरलेल्या तारेचं नवल वाटेनासं झालं. तारा रेलला प्लॅस्टिकच्या साध्या पांढऱ्या टायने बांधल्या होत्या. एका उन्हाळ्यात निम्मे टाय कडक होऊन तुटले होते आणि तारा लोंबत होत्या. पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची आणि त्याची तार धरून ठेवणारा टाय एका उन्हाळ्यात गेला. सहा ठिकाणी कनेक्टर सरळ स्लॅबवर, पन्हाळीच्या उतारात पडले होते, पाण्यात. हे कनेक्टर पाणी अडवतात, पण थोड्या वेळापुरतं. चार महिने डबक्यात बसण्यासाठी ते बनवलेले नाहीत. एका जोडाला नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची होती. दिसायला सारखे, कट करून बसलेही होते, पण आतल्या धातूचा आणि मापाचा मेळ कोणी तपासलेला नसतो, आणि म्हणूनच एकाच बनावटीचे, एकाच जातीचे कनेक्टर एकमेकांत घालावेत असा नियम आहे. तो जोड तपकिरी पडला होता. आणखी एका कनेक्टरची पिन तारेवर दाबून बसवायच्या खास (क्रिंपिंगच्या) हत्याराऐवजी पक्कडीने दाबलेली निघाली. मी हिशेब केला: जोडात ओमचा दहावा भाग जरी अडथळा राहिला, तरी १३ अँपिअरला तिथे १७ वॅट उष्णता तयार होते. तपकीर गल्लीत मिळणारं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तशी उष्णता, अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकमध्ये, रोज पाच तास.

आता वायरिंग नेण्याच्या वाटेबद्दल. हे कुठे फारसं बोललं जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. चौदा पॅनेलची आमची ओळ १६ मीटर लांब आहे. पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत एकाची तार दुसऱ्याला जोडत गेलं की प्लस एका टोकाला राहतो आणि मायनस १६ मीटर लांब दुसऱ्या टोकाला. मायनस परत आणायला तार हवी. ती त्यांनी पॅनेलखालून न आणता कठड्याच्या कडेने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून आणली होती. जाणारी तार इकडून, येणारी तिकडून, मध्ये निम्मी गच्ची. जास्तीची तार जवळजवळ ४० मीटर. चार चौरस मिलिमीटरच्या तारेला किलोमीटरमागे पाच ओम अडथळा असतो, म्हणजे भर उन्हात एका स्ट्रिंगमागे ३४-३५ वॅट वाया. हे फार नाही, मी त्याचा बाऊ करत नाही. खरा धोका वेगळा आहे. दोन तारांच्या मध्ये जेवढी मोकळी जागा, तेवढा मोठा तो वेढा. जवळपास वीज पडली तर त्या वेढ्यात व्होल्टेज निर्माण होतो, आणि वेढा जितका मोठा तितका तो जास्त. एप्रिल-मेमध्ये सिंहगडाच्या बाजूने वळवाचे ढग चढले की आमच्याकडे कशा विजा होतात ते वारजे-धायरीच्या लोकांना सांगायला नको. असा एक झटका इन्व्हर्टर आणि इन्सुलेशन दोन्हींना पुरतो.

यावर सोपी युक्ती आहे. पहिल्या पॅनेलवरून तिसऱ्याला, तिसऱ्यावरून पाचव्याला, असं एक सोडून एक जात टोक गाठायचं, आणि परत येताना चौदा, बारा, दहा करत राहिलेली पॅनेल घ्यायची. दोन्ही टोकं एकाच जागी निघतात, परतीची वेगळी तार लागतच नाही आणि मधला वेढाही उरत नाही. अडचण एकच. त्यासाठी पॅनेलला कंपनीतून आलेली तार लांब हवी. आजकालच्या अर्ध्या सेलच्या पॅनेलांना मागे मधोमध तीन छोटे बॉक्स असतात आणि तारा पुष्कळदा आखूड, फूटभराच्या, शेजारच्या पॅनेलपुरत्या येतात. उभ्या लावलेल्या सव्वा मीटरच्या आतल्या रुंदीच्या पॅनेलला एक सोडून जोडायचं तर प्रत्येक तार साधारण १.२ मीटर लागते. अशा लांब तारांची पॅनेल मिळतात, ऑर्डर देताना सांगावं लागतं, एवढंच. आमच्या कोटेशनमध्ये पॅनेलचे वॅट होते, इन्व्हर्टरची कंपनी होती, तारेच्या लांबीचा शब्द नव्हता. आखूड तारा मिळाल्यामुळे आम्ही दुसरा मार्ग घेतला: परतीची तार टाकीकडून सोडवून पॅनेलखालच्याच रेलवरून, जाणाऱ्या तारेला चिकटून आणली. वेढा हातभर रुंदसुद्धा उरला नाही.

टाय बदलले. आता स्टीलच्या, वर प्लॅस्टिकचा लेप असलेल्या पट्ट्या आहेत, म्हणजे पट्टीची धार तारेला लागत नाही. कनेक्टर सगळे रेलच्या आत उचलून बसवले. कनेक्टरच्या तोंडाशी तार लगेच मोडत नाही ना, ते एकेक पाहिलं, कारण तार वाकडी घुसली की रबराची सील एका बाजूला उघडते आणि पाणी आत जातं. पॅनेलच्या तारा जिथे येतात त्या डीसी बॉक्समध्ये तारा वरून घुसत होत्या, त्या खालून घेतल्या, आणि घुसण्याआधी तारेला खाली एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळावरून ठिबकून जातं, बॉक्समध्ये जात नाही. बॉक्सपाशी मधला दोन मीटरचा तुकडा घरात वापरतात तसल्या पीव्हीसी वायरचा निघाला. त्या वायरचं इन्सुलेशन ७० अंशांसाठी असतं. पुण्याच्या मे महिन्यात पॅनेलच्या पाठीशी हात लावून पाहावा. सोलरसाठी वेगळी केबल असते, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची, ऊन आणि उष्णता सोसणाऱ्या दुहेरी आवरणाची. तिचं भारतीय मानक आयएस १७२९३ आहे, आणि अशा केबलवर मानकाचा क्रमांक छापलेला असतो. गच्चीवर जाऊन चष्मा लावून वाचावा.

चौकटींचं अर्थिंगही सैल होतं. पॅनेलच्या ॲल्युमिनियमवर जो मुलामा असतो त्यातून वीज वाहत नाही. त्यावर नुसता बोल्ट आवळून अर्थची तार लावली तर अर्थ झालं असं दिसतं, होत नाही. मुलामा कापून आत घुसणारा दातेरी वॉशर लागतो.

या सगळ्याला आम्हाला तार, कनेक्टर, पट्ट्या आणि दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी धरून ११ हजार ४०० रुपये लागले. साडेआठ लाखांच्या कामात. म्हणजे हे सुरुवातीलाच नीट करायला पैसा आड येत नव्हता.

एका गोष्टीला मात्र आमच्याकडे इलाज नाही. चौथ्या पॅनेलच्या पाठीवर एक लांब ओरखडा आहे. पॅनेल वर चढवताना कठड्यावरून ओढलं असावं. पॅनेलच्या पाठीचा तो पांढरा पापुद्रा म्हणजे नुसतं झाकण नव्हे. समोर काच, मग पारदर्शक थर, मग सेल, पुन्हा थर आणि मग हा पापुद्रा. सातशे व्होल्ट आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये मागच्या बाजूने एवढंच काय ते इन्सुलेशन. आमच्या कारखान्यात भट्टीतून निघालेल्या कॉइलला ओरखडा गेला तर ती बाजूला ठेवत असू, वरून टेप लावून पुढे पाठवत नसू. पॅनेल कारखान्यातून निघताना पाण्यात बुडवून त्याच्या नमुन्यांची गळती तपासलेली असते, तेवढी कडक परीक्षा पास होऊन ते येतं. मग ते जिन्यावरून वर नेताना एकटा माणूस डोक्यावर घेतो, कोपऱ्यावर टेकवतो, बसवताना काचेवर गुडघा ठेवतो. त्या मुलांचा मला राग नाही. दिवसाला किती पॅनेल बसवली यावर त्यांची मजुरी असते आणि पाठीचा पापुद्रा काय करतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पहिल्याच आठवड्यात मी कॉइलवर पाय देऊन उभी राहिले असते तर मलाही कोणी तरी सांगितलंच असतं.

नंतर मी जे वाचलं त्यातून कळलं की सोलर यंत्रणा बसवल्यावर काय तपासायचं याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२४४६-१. त्यात इन्सुलेशनची चाचणी स्पष्ट सांगितली आहे. १२० ते ५०० व्होल्टच्या यंत्रणेला ५०० व्होल्टची, त्यावर १००० पर्यंत १००० व्होल्टची, आणि दोन्हीत आकडा १ मेगओमपेक्षा कमी नको. म्हणजे मी काही नवीन मागत नाही. आम्हाला जी फाइल मिळाली तिच्यात पॅनेलची वॉरंटी कार्डं, इन्व्हर्टरचं पुस्तक, नेट मीटरचे कागद होते. मेगरचा आकडा कुठेही नव्हता. वायरिंग कोणत्या वाटेने गेलं आहे याचा नकाशाही नव्हता, तो आम्ही गच्चीवर पोटावर पडून काढला.

म्हणून माझी मागणी त्या कार्डाची आहे. प्रत्येक स्ट्रिंगला एक कार्ड असावं. त्यावर किती पॅनेल, कोणत्या क्रमाने जोडली, परतीची तार कुठून आणली, केबल आणि कनेक्टर कोणत्या बनावटीचे, क्रिंप कोणी केले त्याचं नाव, आणि मेगरचा आकडा: एक कोरडा, एक पाणी मारून. सोबत पॅनेलच्या खालून काढलेले फोटो. अनुदानासाठी फोटो लागतातच, त्यात हे चार जास्तीचे. महाऊर्जा, म्हणजे राज्याची ऊर्जा विकास संस्था, तिचं मुख्य कार्यालय आपल्याच शहरात, औंधला आहे. त्यांनी आणि महावितरणने मनावर घेतलं तर हे कार्ड पुण्यापासून सुरू होऊ शकतं. सूर्यमित्र म्हणून मुलांना प्रशिक्षण मिळतं, आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड आहे. तिथे पॅनेल उलटं टेबलावर ठेवून पाठ दाखवली पाहिजे, तार बांधायला शिकवली पाहिजे. पोरं हाताने हुशार असतात, मी कारखान्यात शिकवलं आहे.

सोसायट्यांना आणि बंगलेवाल्यांना माझं सांगणं एवढंच की शेवटचा हप्ता देण्याआधी हे कागद मागा. सकाळी पावसात इन्व्हर्टर उशिरा चालू होत असेल तर ते पावसाचं लक्षण समजू नका. आणि कोणी येऊन दहा मिनिटांत लाल दिवा घालवला तर त्याला विचारा, ‘तार कुठली बदलली?’ कबुतरांसाठी पॅनेलखाली जाळी लावणार असाल, आणि पुण्यात ती लावावीच लागते, तर आधी तारा उचलून बांधून घ्या. जाळीची कापलेली टोकं तारेत रुततात आणि मग खाली बघताही येत नाही.

आमची इन्व्हर्टरची मर्यादा आम्ही पुन्हा २०० किलोओमवर नेली. गेल्या जुलैमध्ये तीन दिवस झड लागली होती, तेव्हा अंधारात पुन्हा मेगर घेतला. दुसरी स्ट्रिंग २४ मेगओम. सकाळी पावणेसातला हिरवा दिवा. वॉचमनच्या बायकोसाठी कमिटीने गमबूट आणले आणि पॅनेल धुण्याची वेळ पहाटे, उजाडायच्या आत, अशी केली. ओरखड्याच्या पॅनेलबद्दल पत्रव्यवहार चालू आहे, म्हणूनच काम करणाऱ्यांचं नाव मी लिहिलेलं नाही आणि माझंही छापू नये ही विनंती.

आमच्या दोन स्ट्रिंगची कार्डं मी हातानेच आखली आहेत, लॅमिनेट करून डीसी बॉक्सच्या दाराला आतून लावली आहेत. त्याची एक कोरी प्रत या पत्रासोबत पाठवते. तुमच्या कार्यालयात कोणी मागायला आलं तर झेरॉक्स काढून द्यावी. पुढची नोंद आम्ही मेच्या तिसऱ्या आठवड्यात करणार आहोत, पाऊस आला तर त्याच्या आधी.

आपली,
एक निवृत्त कॉइल टेपर
वारजे, पुणे